संख्यांचे प्रकार: दिलेली संख्या कोणत्या प्रकारातली हे पायरीपायरीने कसं ओळखायचं

√४९ ही कोणत्या प्रकारची संख्या, असं विचारलं की बरीच मुलं चटकन ‘अपरिमेय’, म्हणजे अपूर्णांकात न लिहिता येणारी, म्हणून मोकळी होतात. वर्गमुळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय, अपूर्णांकाची आडवी रेघ दिसली की परिमेय, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण √४९ म्हणजे ७, आणि ७ तर बोटांवर मोजता येतात.

दोष मुलांचा नाही. संख्यांचे प्रकार आपण व्याख्यांची यादी म्हणून पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. दोन गोष्टी धरून चाललं तर हा विषय पाठ करावाच लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक नवा प्रकार कुठलीतरी क्रिया अडली म्हणून आला आहे. दुसरी, संख्येचा प्रकार तिच्या किमतीवरून ठरतो, ती कशी लिहिली आहे यावरून नाही. पुढची प्रत्येक पायरी याच दोन गोष्टींवर उभी आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

पायरी १: अंक वेगळा, संख्या वेगळी

बोलताना आपण दोन्हींना ‘आकडा’ म्हणतो, त्यामुळे इथेच गोंधळ सुरू होतो. ० ते ९ ही दहा चिन्हं म्हणजे अंक. या चिन्हांनी जे लिहितो ती संख्या. ३०७ ही एक संख्या आहे आणि ती ३, ० आणि ७ या तीन अंकांनी लिहिली आहे. ७ हा अंकही आहे आणि एक अंकी संख्याही. अक्षर आणि शब्द यांचं जे नातं, तेच इथे.

पायरी २: मोजण्याच्या संख्या आणि शून्य

१, २, ३, ४… या नैसर्गिक संख्या. दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार केला तर उत्तर नैसर्गिकच येतं. वजाबाकी मात्र पहिल्याच फटक्यात अडते, कारण ५ − ५ चं उत्तर या यादीत नाही. त्यासाठी शून्य घेतलं की ०, १, २, ३… या पूर्ण संख्या तयार होतात. काही पुस्तकं, विशेषतः उच्च गणिताची आणि संगणकशास्त्राची, ० ला नैसर्गिक संख्यांमध्येच धरतात. दोन्ही पद्धती चालतात. हातातल्या पुस्तकाने कोणती पद्धत घेतली आहे तेवढं सुरुवातीला बघून ठेवा.

शून्याबद्दल दोन प्रश्न नेहमी येतात. शून्य सम की विषम? सम, कारण त्याला २ ने भागल्यावर बाकी उरत नाही. शून्याने भागता का येत नाही? ६ ÷ ० = कितीतरी, असं म्हणायचं तर त्या ‘कितीतरी’ला ० ने गुणल्यावर ६ यायला हवेत. अशी संख्याच नाही. ० ÷ ० मध्ये उलटी अडचण येते, कारण तिथे कोणतीही संख्या उत्तर म्हणून बसते, मग एक उत्तर निवडायचं कसं? ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह आकडेमोड करण्याचे नियम लिहून ठेवले. त्यातले बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराचे नियम आपण आजही तसेच वापरतो. ० ÷ ० चं उत्तर मात्र त्याने ० दिलं होतं आणि आजचं गणित ते मानत नाही. इतक्या मोठ्या माणसाचाही पाय जिथे अडखळला, तिथे मुलाने ‘का?’ विचारलं तर थांबून समजावून सांगायला हवं.

पायरी ३: मूळ आणि संयुक्त संख्या

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे बरोबर दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३… दोनपेक्षा जास्त विभाजक असतील तर ती संयुक्त. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हा नियम उगाच ओढूनताणून केलेला नाही. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ असेच पडतात, फक्त क्रम बदलता येतो. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असे कितीही प्रकार होतील आणि ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हा सुंदर नियमच मोडेल.

एखादी संख्या मूळ आहे का, हे असं तपासा. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, त्यापुढे जायची गरज नाही. समजा संख्या २२१ आहे. १५ चा वर्ग २२५, म्हणजे १५ च्या आतल्या २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागायचं. १३ ने भाग जातो: १३ × १७ = २२१, म्हणून संयुक्त. आता २२३ घ्या. ती विषम आहे, अंकांची बेरीज ७ म्हणून ३ ने भाग नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, ७ ने भागल्यास ६ उरतात, ११ ने ३ उरतात, १३ ने २ उरतात. संपलं, २२३ मूळ आहे. वर्गमुळापाशीच का थांबायचं? संख्येचे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर त्यांचा गुणाकार त्या संख्येच्या पुढे जाईल.

१ ते १०० मध्ये २५ मूळ संख्या आहेत. ९१ कडे जरा जपून बघा. ती दिसायला मूळ वाटते, पण ७ × १३ आहे. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध केलं. शोध मात्र अजून चालू आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात.

पायरी ४: पूर्णांक

३ − ८ करायला गेलो की पूर्ण संख्या अपुऱ्या पडतात. मग ऋण संख्या येतात आणि …−३, −२, −१, ०, १, २, ३… असा दोन्हीकडे न संपणारा पूर्णांकांचा संच मिळतो. नावांमध्ये घोटाळा होतो तो इथेच. ‘पूर्ण संख्या’ शून्यापासून पुढच्या, ‘पूर्णांक’ दोन्ही बाजूंच्या. −४ पूर्णांक आहे, पूर्ण संख्या नाही.

धन म्हणजे जवळचं, ऋण म्हणजे देणं, ही नावंच नियम सांगतात. दहाचं ऋण तीनच्या ऋणापेक्षा वाईट, म्हणून −१० ही −३ पेक्षा लहान. संख्यारेषेवर जी डावीकडे ती लहान, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं.

‘ऋण गुणिले ऋण धन का?’ हा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर असं: २ + (−२) = ०, तेव्हा −३ × [२ + (−२)] हेही ० च यायला हवं. कंस सोडवला तर एक तुकडा −३ × २ = −६ आणि दुसरा −३ × (−२). दोघांची बेरीज ० व्हायची असेल तर दुसरा तुकडा +६ असण्यावाचून गत्यंतर नाही.

पायरी ५: परिमेय संख्या

आता भागाकार अडतो. ३ ÷ ४ चं उत्तर पूर्णांकात नाही. अ/ब या रूपात लिहिता येणारी प्रत्येक संख्या परिमेय. त्यात अ आणि ब पूर्णांक हवेत आणि ब शून्य नको. ७ सुद्धा परिमेय आहे, कारण ७/१. −०.२५ परिमेय आहे, कारण −१/४. मराठी माणसाला हा प्रकार जिभेवरच भेटतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या परिमेय संख्यांना आपल्याकडे आपापली नावं आहेत, ‘एक पूर्णांक एक छेद दोन’ म्हणत बसावं लागत नाही.

अपूर्णांकाचं दशांश रूप कुठेतरी संपेल की चालतच राहील, हे भागाकार न करताही सांगता येतं. आधी अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या, मग छेदाचे मूळ अवयव पाडा. अवयवांत फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित, आणखी कोणताही अवयव असेल तर अखंड आवर्ती. ७/४० मध्ये छेद २ × २ × २ × ५, म्हणून ०.१७५ वर संपतं. ७/१२ मध्ये ३ आला, म्हणून ०.५८३३३… ६/१५ मध्येही ३ दिसतो, पण संक्षेप केला की २/५ उरतं आणि ते ०.४. संक्षेप आधी करायचा तो यासाठीच.

यामागचं कारण साधं आहे: आपण संख्या दहाच्या पटीत (एकं, दहं, शतक) लिहितो आणि १० चे अवयव २ आणि ५. म्हणजे दशांश रूप संपणं हा त्या संख्येचा स्वभाव नाही, तो आपल्या लिहिण्याचा परिणाम आहे. संगणक दोनच्या पटीत लिहितो. त्याला १/१० कधीच पूर्ण लिहिता येत नाही, म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये ०.१ + ०.२ हे अगदी काटेकोर ०.३ येत नाही.

अंक पुन्हा पुन्हा येतातच का, हे एकदा हाताने भागाकार करून बघा. १ ÷ ७ घ्या. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. आणि १ पासूनच तर आपण सुरुवात केली होती! सातने भागताना बाकी १ ते ६ एवढीच असू शकते. त्या सहा संपल्या की जुनी बाकी परत यायलाच हवी आणि तिच्यामागून तेच अंकही परत येतात: ०.१४२८५७१४२८५७… हे स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी ‘परिमेय म्हणजे खंडित किंवा आवर्ती’ हे वाक्य कधी विसरत नाही.

उलट्या दिशेने, म्हणजे आवर्ती दशांशापासून अपूर्णांकाकडे, असं यायचं. समजा क्ष = ०.२३६३६३६… आणि आवर्ती गट ३६ आहे.

१० क्ष = २.३६३६…
१००० क्ष = २३६.३६३६…

दोन्हींत दशांश चिन्हानंतरचा भाग सारखा आहे. वजा केलं की ९९० क्ष = २३४, म्हणून क्ष = २३४/९९० = १३/५५. गट जिथे सुरू होतो तिथपर्यंत एकदा सरकवायचं आणि गट संपतो तिथपर्यंत एकदा, एवढीच युक्ती. हीच ०.९९९… वर लावा. १० क्ष = ९.९९९…, वजाबाकी करून ९ क्ष = ९, म्हणजे क्ष = १. हे ‘जवळजवळ १’ नाही, नेमकं १ आहे. एकाच संख्येचे हे दोन पोशाख.

पायरी ६: अपरिमेय संख्या

दोन परिमेय संख्यांच्या मध्ये नेहमी तिसरी सापडते, त्यांची सरासरी काढली की झालं. म्हणजे या संख्या इतक्या दाट आहेत की रेषेवर भोक उरलं असेल असं वाटतही नाही. तरीही भोकं आहेत. १ एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धान्ताने √२ येतो. १.४ चा वर्ग १.९६, १.४१४ चा वर्ग १.९९९३९६, १.४१४२ चा वर्ग १.९९९९६१६४. दोनच्या जवळ जातो, पण नेमके दोन येत नाहीत. कितीही अंक वाढवले तरी येणार नाहीत, आणि हे आपण ठामपणे सांगू शकतो.

समजा √२ = अ/ब, अतिसंक्षिप्त रूपात. मग अ × अ = २ × ब × ब. उजवी बाजू सम, म्हणून अ सम असलाच पाहिजे, कारण विषम संख्येचा वर्ग विषम असतो. अ = २क लिहा. ४ × क × क = २ × ब × ब, म्हणजे ब × ब = २ × क × क. आता ब सुद्धा सम निघाला. पण दोन्ही सम असतील तर २ ने संक्षेप करता आला असता, आणि आपण तर तो करून बसलो होतो. विसंगती आली, म्हणजे असा अपूर्णांकच नाही. अ/ब या रूपात लिहिता न येणाऱ्या अशा संख्या म्हणजे अपरिमेय. जेमतेम पाच-सहा ओळींत असंख्य अपूर्णांक एकदम बाद होतात. गणिताची गोडी लावायची असेल तर मी इथूनच सुरुवात करेन.

‘अपरिमेय’ म्हणजे मोजता न येणारी, असा अर्थ मुलं घेतात आणि बिचकतात. कर्ण समोर काढलेला आहे, त्याची लांबी ठरलेली आहे. अडचण एवढीच की बाजूही नेमकी मोजेल आणि कर्णही नेमका मोजेल असं एक समान माप कुठेच नाही.

ओळखताना हे लक्षात ठेवा. नैसर्गिक संख्येचं वर्गमूळ एकतर नैसर्गिक असतं किंवा अपरिमेय, अधलंमधलं काही नसतं. मूळ अवयव पाडा. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर वर्गमूळ सुटतं: १४४ = २ × २ × २ × २ × ३ × ३, म्हणून १२. एखादा अवयव एकटा राहिला तर अपरिमेय: √१२ = २√३. अपूर्णांक असेल तर पुन्हा संक्षेप आधी. √(८/१८) भीतीदायक दिसतं, पण ते √(४/९), म्हणजे २/३, सरळ परिमेय.

०.१०१००१०००१… मध्ये प्रत्येक १ नंतरचं एक शून्य वाढत जातं. यात नियम आहे, पण तोच गट पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून ती अपरिमेय. दोन अपरिमेय संख्यांचा गुणाकार अपरिमेयच येईल असंही नाही: √२ × √८ = ४.

आणि २२/७. ही पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत नव्हे, तिच्या जवळची एक परिमेय संख्या आहे. २२/७ = ३.१४२८५७…, तर पाय = ३.१४१५९…, तिसऱ्याच दशांश स्थळी वाटा वेगळ्या होतात. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याला ‘आसन्न’, जवळपासचा, असा शब्द वापरला. पाय अपरिमेय आहे हे १७६१ मध्ये लॅम्बर्टने सिद्ध केलं.

पायरी ७: वास्तव संख्या

परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात आणि संख्यारेषा भरून जाते. प्रत्येक बिंदूला एक संख्या, प्रत्येक संख्येला एक बिंदू. √२ रेषेवर दाखवायची तर ० पासून १ पर्यंत पाया घ्या, १ वर १ एकक लंब उभा करा, कर्ण काढा, कंपासचं टोक ० वर ठेवून कर्णाएवढा कंस रेषेवर उतरवा. त्याच कर्णावर पुन्हा १ एककाचा लंब उभा केला की √३ मिळते.

पायरी ८: संमिश्र संख्या

कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण येत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नाही. वास्तव संख्यांपुरतं ते अगदी खरं आहे. मग ऋण संख्यांची वर्गमुळं असलेल्या संख्या आणल्या का? कारण खऱ्या उत्तराचा रस्ताच त्यांच्यातून गेला. क्ष चा घन = १५ क्ष + ४ या समीकरणाचं एक उत्तर ४ आहे, ताडून बघा: ६४ = ६० + ४. पण सोळाव्या शतकात इटलीत सापडलेलं सूत्र लावलं तर मध्येच √(−१२१), म्हणजे ११√(−१), येतं. बॉम्बेलीने १५७२ मध्ये न घाबरता √(−१) वर नेहमीचे नियम चालवले. (२ + √−१) चा घन २ + ११√−१ येतो आणि (२ − √−१) चा २ − ११√−१. सूत्रातून या दोन घनमुळांची बेरीज मागितली जाते. ती केली की √−१ गळून पडतो आणि उरतात ४.

पुढे ऑयलरने √−१ ला एका अक्षराचं चिन्ह दिलं, आपण त्याला ‘आय’ म्हणू. ३ + २आय अशा रूपातल्या संख्या संमिश्र. आयचा भाग शून्य असेल तर नुसते ३ उरतात, म्हणजे प्रत्येक वास्तव संख्या संमिश्रच आहे. ‘काल्पनिक’ या नावामुळे त्या खोट्या वाटतात, पण प्रत्यावर्ती विद्युतधारेची गणितं अभियंते रोज याच संख्यांनी सोडवतात.

ओळखण्याचा क्रम

समोर संख्या आली की आधी ती सोपी करा: मुळं सोडवा, संक्षेप करा, कंस काढा. मगच विचारा. आय उरला का? नसेल तर वास्तव. अपूर्णांकात लिहिता येते का? नसेल तर अपरिमेय, इथेच थांबा. येत असेल तर छेद १ आहे का? असेल तर पूर्णांक. ऋण नाही ना? मग पूर्ण संख्या. शून्य नाही ना? मग नैसर्गिक. आणि १ सोडून जी उरेल ती मूळ की संयुक्त, ते पायरी ३ प्रमाणे.

−√८१ वर चालवून बघा. सोपी केली की −९. आय नाही, म्हणून वास्तव. −९/१ लिहिता येते, म्हणून परिमेय. छेद १, म्हणून पूर्णांक. ऋण आहे, म्हणून पुढची दारं बंद. उत्तर लिहिताना ‘पूर्णांक, परिमेय, वास्तव’ असे सगळे प्रकार लिहा, एकच लिहून थांबू नका. (√५ + २)(√५ − २) ही दिसायला अपरिमेय, पण गुणाकार केला की ५ − ४ = १. नैसर्गिक.

या क्रमाने बहुतेक संख्या लगेच ओळखता येतात, पण सगळ्या नाहीत. अपरिमेय संख्यांमध्येही दोन गट आहेत. √२ ही क्ष × क्ष = २ अशा पूर्णांकी समीकरणाचं उत्तर आहे, म्हणून ती बैजिक. अशा कुठल्याच समीकरणाचं उत्तर नसलेल्या संख्या बीजातीत. २.७१८२८… ने सुरू होणारी ‘ई’ ही संख्या बीजातीत आहे हे हर्मिटने १८७३ मध्ये सिद्ध केलं आणि पायचं लिंडेमनने १८८२ मध्ये. आता पाय आणि ई यांची बेरीज करा. ती परिमेय की अपरिमेय? याचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांच्या गुणाकाराचाही नाही. दोन्ही मात्र एकदम परिमेय असू शकत नाहीत. तसं असतं तर ज्या वर्गसमीकरणाची मुळं पाय आणि ई आहेत, त्याचे सहगुणक परिमेय झाले असते आणि पाय बैजिक ठरली असती. म्हणजे दोघींपैकी निदान एक अपरिमेय आहे हे नक्की, पण कोणती ते अजून कोणालाही सांगता आलेलं नाही.